नाना डॉक्टरांवरचा माझा संशय

आधी रोगाचं नाव सांगून टाकते, म्हणजे ज्याला उठून जायचं असेल त्याने जावं. मला महारोग झाला होता. हा शब्द मी आज पहिल्यांदा स्वतःच्या हाताने लिहिते आहे. मालवणात गेली पंचवीस वर्षं मी शिवणकाम करते आणि माझ्या हातचं पोलकं नाही असं घर आमच्या वाडीत शोधून सापडायचं नाही. वाचून कोणाला ती पोलकी चुलीत घालावीशी वाटली तर खुशाल घालावीत. दुसरी शिवून देणार नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा.

लिहायचं कारण आमचे नाना डॉक्टर. गेल्या साली ते गेले, शहाऐंशी वर्षांचे होऊन. त्या दिवशी बाजार आपोआप बंद झाला, होड्या किनाऱ्यावरच राहिल्या. जो तो म्हणत होता, देवमाणूस गेला.  त्या देवमाणसावर मी चौदा वर्षं पाळत ठेवली होती. पोलीस चोरावर ठेवणार नाहीत, इतका डोळा मी त्यांच्यावर ठेवला. हाच रोग झालेली कोणी मुलगी आज माझ्यासारखीच खिडकीआड बसून आपल्या डॉक्टरकडे वाकड्या नजरेने बघत असेल, तर तिने हे वाचावं.

माझ्या धाकट्या बहिणीला, शेवंतीला आता सगळं सांगून, विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिव गो. आता कोणाक भियाचां?"

सुई

आमचे बाबा होडीवाले. मी सातवी पास झाले त्या वर्षी तापाने वारले. आई बाजारात मासे विकायला बसू लागली आणि मी शिवणयंत्रावर. सांगते आहे ती गोष्ट पन्नास सालानंतरची. मी चोवीस वर्षांची होते, शेवंती बारा.

एका दुपारी पांढऱ्या पोलक्याला हूक लावत होते. कापडावर लाल ठिपका दिसला. मग दुसरा. कुठून आला म्हणून बघते तर सुई माझ्या करंगळीत शिरलेली. दुखलं नव्हतं. मी सुई काढली आणि मुद्दाम परत टोचली. तरी काही नाही. कोपराखाली रुपयाएवढा फिकट डाग वर्षभर होता. आई म्हणायची शिबं आहेत, चुना-गूळ लाव. मी लावत होते.

दुसऱ्या दिवशी नानांच्या दवाखान्यात गेले. नाना म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. माझ्या आईचं लग्न व्हायच्या आधीपासून ते मालवणात डॉक्टरकी करत होते. खाडीपलीकडे जायचं तर होडीतून, आत गावात जायचं तर छत्री घेऊन चालत. रोग्याच्या घरी चहा नाही, पाणीसुद्धा नाही. फारच उन्हातून आले तर म्हणत, "शहाळां काढ." तेही डोळ्यांसमोर तासलेलं. मासे खाणाऱ्या पण सोवळ्या घरातले, तेव्हा कोणाला त्यात नवल वाटत नसे. बोलायचे मात्र आमच्यासारखंच मालवणी. शुद्ध मराठी फक्त मामलेदारासाठी.

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि हातावर कापूस फिरवला. "लागता काय?" मग काचेच्या दोन नळ्या टेकवल्या, एकीत ऊन पाणी, एकीत गार. "खंयचां गरम?" मला दोन्ही सारखीच. मग त्यांनी कंपाउंडरला, सखारामला हाक मारली आणि म्हणाले, पोस्टात जाऊन ये. सखारामच्या हातात पत्र नव्हतं, की तार नव्हती. तरी तो गेला. नानांनी दार लोटलं.

"अनसूयाबाई, बसा," ते म्हणाले.

जन्मात मला कोणी अनसूयाबाई म्हटलं नव्हतं. सगळ्यांची मी अनशी. नाना शुद्ध बोलायला लागले तसा मी पदर ओढून डाग झाकला. पुढे त्यांनी रोगाचं नाव घेतलं. सौम्य जातीचा आहे, दुसऱ्याला लागत नाही, आता गोळ्या निघाल्यात, बोटं झडणार नाहीत, असं पुष्कळ काही सांगितलं. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मला आमच्या वाडीच्या टोकाला झोपडी घालून राहिलेला एक माणूस दिसत होता. लोक त्याला लांबून भाकरी टाकत.

मी एवढंच विचारलं, "कोणाकोणाक सांगतलास?"

ते म्हणाले, "ज्याला सांगणं भागच आहे त्याला सांगीन. बाकी कोणाला नाही."

दुसरी कोणी असती तर शेवटचे शब्द धरून घरी आली असती. मी पहिले धरले. भाग आहे ते कोणाला? आणि ते ठरवणार कोण?

पाळत

गोळ्यांच्या बाटलीवर नानांनी चिठ्ठी चिकटवली, 'रक्तवाढीसाठी'. आईला मी सांगितलं, शेवंतीला नाही. आईने डोकं बडवून घेतलं नाही की काही नाही. ती उठून मासे धुवायला बसली आणि धुतलेलेच मासे परत परत धुवत राहिली.

तिसऱ्या दिवशी माझा चहा कान तुटलेल्या कपात आला. चौथ्या दिवशीही.

"आये, ह्यो कप माकाच कित्याक?"

"कान तुटलोलो आसा. शेवंतीचो हात भाजता."

असेलही. मी मानलं नाही. नंतर ती देवळात जाऊन देवीला कौल लावून आली. उजवा, म्हणजे होकाराचा, कौल मिळाला म्हणाली. प्रश्न काय घातलास म्हणून विचारलं तर तोंडाला कुलूप. बरं होणार का हे विचारलं, की घरात ठेवू का हे विचारलं? मी कितीतरी दिवस त्यावरच कुढत होते. आजारापेक्षा हे वाईट. दुखणं हातात असतं, संशय सगळ्या घरात भरतो.

माझी खिडकी दवाखान्याच्या रस्त्यावर. नाना कोणाशी बोलत उभे राहिले की माझा पाय यंत्रावरून उचलला जाई. एखादी बाई तिचं कापड न शिवताच परत घेऊन गेली की मी म्हणे, झालं, बोलला म्हातारा. मग कळे की तिचं पोट वाढलंय, माप बदलणार आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. दर महिन्याला नाना मला बघायला घरी येत आणि शहाळंच पीत. सगळ्यांकडे ते तसंच करतात हे मला कळत्या वयापासून ठाऊक होतं. तरी वाटे, माझ्याकडे मुद्दाम.

सहा महिन्यांनी त्यांनी मला घाटावरच्या इस्पितळात पाठवलं, बरोबर बंद लिफाफा दिला. मी तो चहाच्या आधणावर धरून उघडला. लाज वाटते सांगायला, पण उघडला. आत इंग्रजी! मला वाचता येतंय थोडंच! एक शब्द तीनदा आलेला दिसला. म्हटलं, हाच तो. मी तो जसाच्या तसा उशीच्या अभ्र्यावर उतरवला, निळ्या दोऱ्याने टाके घालून भरला आणि इंग्रजी शाळेत जाणाऱ्या एका मुलीला दाखवला. नक्षी कशी वाटते गो?

"काइंडली," तिने वाचलं. "म्हणजे कृपा करून. असं कोणी उशीवर भरतात?"

म्हाताऱ्याने माझ्यासाठी एका कागदात तीनदा कृपा मागितली होती. मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, एवढ्या विनवण्या करतोय म्हणजे माझं नक्कीच काही खरं नाही.

घाटावर

कसालला गाडी बदलायची. तिथे नेमकी धामापूरची ओळखीची बाई भेटायची. "खंय चल्लंस गो?" "दोरे आणूक." दर खेपेला दोरे. एवढ्या दोऱ्यांत मी मालवणच्या सगळ्या होड्यांची शिडं शिवली असती.

इस्पितळात ओळीत बसवत. कानाच्या पाळीला बारीक चीर देऊन काचेवर पाणी घेत, पायांचे तळवे बघत. पहिल्या दिवशी परिचारिकेने माझा हात नुसत्या हाताने धरला, तेव्हा मीच तो मागे ओढला. ती म्हणाली, "अहो, ठेवा हात. मला बाराशे कामं आहेत."

तिथे एक म्हातारी होती, दोन्ही हातांची बोटं आखडलेली. ती तळव्यांत धरून लसूण सोलायची आणि सगळ्यांची थट्टा करायची. तिने मला शिकवलं ते कोणत्या डॉक्टरने नाही शिकवलं. "रोज दिवस मावळायच्या आधी हात-पाय उजेडात धरून बघायचे. आपल्याला दुखणार नाही, म्हणून डोळ्यांनीच दुखायचं काम करायचं." मी आजही बघते.

गोळ्या

दुसऱ्या वर्षी कोपर ठणकायला लागलं, ताप येऊ लागला. नाना म्हणाले, असं होतं, घाबरायचं नाही, गोळ्या सोडायच्या नाहीत. मी ठरवलं, हा माझ्यावर प्रयोग करतोय. गोळ्यांनी मला मारलं की प्रश्नच मिटला, कोणाला सांगायलाही नको. आता हसू येतं. तेव्हा माझा हा विचार पक्का होता. तीन महिने मी रोजची गोळी खाडीत टाकली.

"गोळ्यो घेतंस मां?"

"घेतंय."

नाना माझ्याकडे बघत राहत. त्यांनाही माझा संशय आला होता, एवढं मला कळत होतं. मला त्यात थोडं समाधानही होतं.

मग एके सकाळी कात्री धरली तर करंगळी सरळ होईना. बाजूचं बोटही ओढलं गेलेलं. नाना आले, त्यांनी हात हातात घेतला आणि करंगळी ओढून बघितली.  मग ओरडले. पन्नास वर्षांत नाना कोणावर ओरडल्याचं मालवणात कोणी ऐकलं नसेल.

"अनशे, तुझ्या डोक्यात काय भरलां हा गो? माझ्यार विश्वास नाय तर नाय, स्वताच्या बोटार तरी दया कर!"

मी खाडीतल्या गोळ्यांचं सांगितलं.  बांबूची पट्टी तासून त्यांनी बोटाला बांधली आणि नंतर दोन महिने एक दिवसाआड येऊन खोबरेल लावून बोटं ओढून सरळ करत बसले. एक बोट सुटलं. करंगळी आजही वाकडीच आहे. ती रोगाने वाकली नाही, माझ्या संशयाने वाकली. माझ्या लिहिण्यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, गोळी चुकवू नका.

पाचव्या वर्षी घाटावरून कागद आला, रोग गेला, गोळ्या बंद. नाना म्हणाले, आता लग्न कर. मी म्हटलं, तुम्ही जाऊन सांगाल ना नवऱ्याला? ते नुसते हसले. मी लग्न केलं नाही. दोष त्यांचा नव्हता.

रेडीचं स्थळ

शेवंती अठराची झाली आणि तिला रेडीचं स्थळ आलं. मुलगा बंदरात खनिज भरायच्या कामावर, शांत, निर्व्यसनी. त्याची आई भामाकाकी, विधवा, एकट्या हिमतीने मुलगा वाढवलेली. शेवंतीने त्याला एकदाच जत्रेत पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती घरात गुणगुणत फिरत होती. हे लग्न मोडलं तर का मोडलं ते तिला सांगावं लागणार, आणि एकदा का गावाला कळलं की मग तिचं कुठेच जमणार नाही, हे मला स्वच्छ दिसत होतं.

आमच्याकडे रीत अशी, की मुलगी बघायला आलेला माणूस आधी नानांच्या दवाखान्यात जाऊन बसायचा. त्या घरात काय दुखणं-खुपणं? वेड, फेफरं, दमा? नाना खोटं बोलत नाहीत, ही त्यांची कीर्ती रेडीपर्यंत पोचलेली. मला त्या कीर्तीचीच धडकी भरली होती.

भामाकाकी सकाळी दहाला दवाखान्यात शिरली. मी खिडकीत. थोड्या वेळाने सखाराम कंपाउंडर बाहेर येऊन पायरीवर बसला आणि विडी ओढू लागला. दार लोटलेलं. मी ओळखलं. अकरा वाजले. बारा वाजले. दोन तास काय बोलतात? दम्याला दोन तास लागत नाहीत. शेवंती आत नवी साडी नेसून बसली होती, तिला म्हटलं, सोड ती, मळेल.

साडेबाराला दोघं बाहेर पडली. पुढे छत्री घेऊन नाना, मागे भामाकाकी. तरातरा आमच्याच घरी. मी दाराला धरून उभी. वाटलं, तोंडावर सांगायला घेऊन आला.

"अनशे," नाना म्हणाले, "आज मी तुझ्या हातचां जेवतलंय. काय केलंस?"

मी म्हटलं, "बांगड्याचां तिखलां. भात."

"वाढ मगे. दोघांक वाढ."

नाना जेवणार? रोग्याच्या घरी? आई बाजारात होती, रांधलेलं सगळं माझ्या हातचं. मी पानं मांडली. भात वाढायला पळी घेतली तर म्हणाले, "पळयेन नको, हातान वाढ." मी हाताने वाढला. अर्धी शितं पानाबाहेर सांडली. नानांनी कालवून घास घेतला. भामाकाकी आपल्या पानाला हात न लावता त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसली होती. त्यांनी दुसरा घास घेतला. तिसरा. मग परत भात मागितला.

तेव्हा तिने आपल्या पानात हात घातला.

मी तिला वाढायला वाकले आणि करंगळी नेमकी तिच्या डोळ्यांसमोर आली.

"बोटाक काय झालां गो?"

मी नानांकडे बघितलं. नाना काटा काढत होते. मेला काटाही नेमका तेव्हाच सापडला त्यांना!

"मशीनीत गावलां," मी म्हटलं.

"हूं," भामाकाकी म्हणाली. "आणखी वाढ."

पंधरा दिवसांत साखरपुडा झाला, वैशाखात लग्न. गावात दुसरीच चर्चा, नाना शेवंतीच्या लग्नासाठी होडीवाल्याच्या घरी जेवले म्हणून. त्यांच्या स्वतःच्या नातेवाइकांनी चार दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता म्हणे. मला त्याचं काही नाही. माझ्या डोक्यात एकच, त्या दोन तासांत काय झालं?

"काय सांगितलास तुम्ही तिका?" मी विचारलं.

"लगीन झालां मां? मगे गप रव."

ह्याला काय उत्तर म्हणतात?

आठ वर्षं

पुढे आठ वर्षं भामाकाकी सणावाराला, जत्रेला मालवणात यायची आणि आमच्याकडेच उतरायची. आल्या आल्या म्हणायची, "तू वाढ गो, अनशे. शेवंतीच्या हाताक तुझी चव नाय." मला वाटे, परीक्षा घेते. मी डाव्या हाताने पदर ओढून करंगळी झाकायची, तिची नजर कुठे जाते ते बघायची. शेवंतीला मुलगा झाला, मुलगी झाली. भामाकाकी नातीला उचलून माझ्या मांडीवर ठेवी आणि मी पोरीला धड कुरवाळतही नसे. रोग गेल्याचा कागद ट्रंकेत होता, तरी.

नाना म्हातारे होत गेले. दृष्टी गेली, दवाखाना पुतण्याकडे गेला, तरी सकाळी बाकावर येऊन बसत आणि आवाजावरून रोगी ओळखत. मी त्यांच्या बंड्या शिवायची. द्यायला गेले की विचारायचीच, "कोणाक सांगूक नाय मां?" ते म्हणत, "अनशे, तुझ्या आवाजाक काय झालां नाय. बरी आसस."

ते गेले त्याच्या चौथ्या दिवशी भामाकाकी रेडीहून आली. ओसरीवर बसून मोठ्याने रडली, सख्खा भाऊ गेल्यासारखी. तिचं आणि नानांचं नातं काय, तर एक जेवण. माझ्याच्याने राहवलं नाही.

"काकी, आता तरी सांग. त्या दिवशी दवाखान्यात नानांनी काय सांगितलां?"

तिने डोळे पुसले. "सगळां सांगल्यानी."

"सगळां म्हणजे?"

"तुझां दुखणां. नाव घेवन सांगल्यानी. माका घाम सुटलो, मी उठान चलूक लागलंय. ते म्हणाले, तिचो रोग गेलो, लागणारो नाय. मी म्हटलंय, लागणारो नाय तर माझ्यासमोर तिच्या हातचां जेवा. तुम्ही तर कोणाकडे पाणी पियनात नाय. तुम्ही जेवलात तर मी पण जेवान आणि चेडू सून म्हणान घेवन जायन."

 म्हणजे माझा संशय खरा होता. चौदा वर्षं लोकांनी मला वेडी ठरवलं असतं, पण म्हाताऱ्याने सांगितलंच होतं! आधी मला रागच आला. मग हळूहळू डोक्यात शिरलं, की ही बाई आठ वर्षं सगळं जाणून माझ्या हातचं जेवली. जाणून नातीला माझ्या मांडीवर ठेवत होती.

"मगे माका कित्याक नाय सांगितल्यानी?" मी ओरडलेच. "आठ वर्सां मी तुझ्यासमोर बोट लपयत ऱ्हवलंय!"

"मीच आण घातलंय तेंका," ती म्हणाली. "तू मशीनीत गावलां म्हटलंस, तेवाच माका समाजलां, पोरगी भियता. माका ठाव आसा म्हणान कळलां तर माझ्यासमोर वाढूक लाजतली. म्हणान दुसऱ्या दिवशी परत जावन तेंका सांगलंय, अनशीक सांगशात तर माझी शपथ. ते म्हणाले, नाय सांगणय."

माझं गुपित नानांनी जिला सांगायला हवं तिला सांगितलं, आणि तिचं मात्र मरेपर्यंत सांभाळलं. बाकावर आंधळे बसलेले असताना मी त्यांना टोचून टोचून विचारत होते आणि ते माझ्या आवाजाची चौकशी करत होते.

मग मी रडले. त्यांच्या तिरडीमागे रडले नव्हते, ते सगळं तेव्हा आलं. भामाकाकीने माझा हात धरला, वाकड्या बोटासकट, आणि मी तो मागे घेतला नाही.

चौदा वर्षांत मी त्या माणसाला एकच प्रश्न विचारला, कोणाला सांगितलंत म्हणून. तुमचे उपकार झाले, एवढं म्हणायचं मात्र राहूनच गेलं.